कोळशाची शेगडी व धुरीपेटी : चरबीचा भडका कसा टाळावा

शाळूची कणसे हुरड्यावर आली की शेतावर पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. राज्य शासनाने सन २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. त्यानंतर हुरडा, भरीत-भाकरी, पोपटी यांबरोबरच कोळशावर भाजलेली कोंबडी, मासे, पनीर हे पदार्थही अनेक केंद्रांवर पाहुण्यांसाठी होऊ लागले आहेत. घरची गावरान कोंबडी किंवा बोकड जिवंत विकण्यापेक्षा भाजून वाढल्यास दोन पैसे जास्त मिळतात, हेही खरे. त्यामुळे जुन्या पिंपाची शेगडी किंवा धुरावर मांस शिजवण्याची पेटी (काही जण तिला स्मोकर म्हणतात) आता शेतावरही दिसते.

आपल्याला विस्तव नवा नाही. चूल, आगटी, गुऱ्हाळाची चुलवण यांच्यापुढे आपले आयुष्य गेले आहे. अडचण नेमकी येथेच आहे. हुरड्याच्या आगटीत गोवऱ्यांचा आर असतो आणि त्यावर कणसे भाजली जातात. कणसातून फार तर पाण्याची वाफ निघते. खानदेशात कपाशीच्या किंवा तुरीच्या काड्यांवर वांगी भाजतात, तेथे मोठा जाळ हवाच असतो आणि तो काड्या संपताच आपोआप बसतो. कोळशावर मांस भाजताना मात्र जळण वरूनही पडत असते, ते म्हणजे चरबी आणि मसाल्यातले तेल. चुलीपुढे अंगवळणी पडलेल्या तीन सवयी, म्हणजे फुंकणे, रॉकेल टाकणे आणि पाणी मारणे, या शेगडीपुढे घातक ठरतात. म्हणून भडका का होतो हे आधी समजून घ्यावे.

भडका का होतो?

चांगल्या फुललेल्या निखाऱ्याचे तापमान ६०० ते ७०० अंश सेल्सिअस किंवा त्याहूनही अधिक असते. कोंबडीची कातडी, बोकडाच्या मांसावरील चरबी आणि मसाल्यात घातलेले तेल तापून पातळ झाले की ते निखाऱ्यावर ठिबकते. खाद्यतेल व चरबी यांची वाफ साधारण ३०० अंशांच्या पुढे ठिणगीने पेट घेऊ शकते आणि ३५० ते ४०० अंशांच्या आसपास ठिणगीचीही गरज उरत नाही. म्हणजे निखाऱ्यावर पडलेला थेंब त्याच क्षणी वाफ होऊन पेटतो. एक-दोन थेंबांची ज्योत उठते आणि विझते, तिचे काही वाटत नाही. परंतु त्या ज्योतीची धग वरच्या मांसाला लागते, चरबी अधिक वेगाने वितळते आणि थेंबांची धार होते. याप्रमाणे आग स्वतःच स्वतःला जळण पुरवू लागते. हाच भडका होय.

किती जळण वरून पडते याचा हिशेब करून पाहा. एक किलो मांसाला मसाला लावताना चार मोठे चमचे, म्हणजे सुमारे ६० मिलिलिटर तेल घातले, तर वीस किलो मांसाला सव्वा लिटरच्या जवळ तेल लागते. त्यातले निम्मे जरी गळाले तरी अर्ध्या लिटरहून अधिक तेल विस्तवात पडले. चरबी वेगळीच. लाकडी कोळशाच्या एका किलोत सुमारे ७,००० किलोकॅलरी उष्णता असते, तर तेवढ्याच चरबीत ९,०००. आपण विकत आणलेल्या कोळशापेक्षा गळणारे तेल जास्त तेज जळण आहे हे ध्यानात ठेवावे.

यास वाऱ्याची जोड मिळाली की ज्योत जाळीच्या वर हात-दीड हात सहज जाते. पुढे उभ्या असणाऱ्याचा हात, चेहरा, ओढणी किंवा वर बांधलेला मांडव यांना ती लागण्यास तेवढे पुरेसे असते.

जागेची निवड

शेगडीची जागा पाहुण्यांना कोठून छान दिसेल यावरून ठरवू नये. ती वारा आणि कडबा यांवरून ठरवावी. कडब्याची गंजी, गोठा, वाळलेल्या गवताचा बांध, काढणीस आलेला गहू किंवा हरभरा यांपासून शेगडी किमान पन्नास फूट दूर असावी. ती वाऱ्याच्या खालच्या अंगाला असावी, म्हणजे उडालेली ठिणगी गंजीकडे न जाता मोकळ्या रानाकडे जाईल. हिवाळ्यात सकाळी वारा पडलेला असतो, दुपारनंतर तो उठतो व दिशाही बदलतो. सकाळी पाहिलेल्या वाऱ्यावर संध्याकाळची शेगडी मांडू नये.

शेगडीभोवती दहा फुटांचा घेर गवत-काडी काढून स्वच्छ करावा व त्यावर पाणी शिंपडून घ्यावे. खाली मुरूम किंवा माती असलेली बरी. सिमेंटच्या कोब्यावर किंवा ओल्या दगडांवर थेट विस्तव करू नये. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन त्याच्या कपच्या उडतात व त्या डोळ्यात जाण्याचा धोका असतो. नदी-ओढ्यातून आणलेले गोटे रचून शेगडी करण्याची हौस अनेकांना असते, तीही याच कारणाने टाळावी.

शेडनेट, ताडपत्री, कापडी मांडव किंवा पाचटाचे छप्पर यांच्याखाली शेगडी लावू नये. शेडनेटची जाळी प्लास्टिकची असते. ती नुसती जळत नाही, वितळून जळते थेंब खाली पडतात आणि ते कातडीला चिकटतात. सावली हवीच असेल तर ती पाहुण्यांना द्यावी, शेगडीला नको. गॅसची टाकी, जनरेटर व त्याचे डिझेल, पाहुण्यांच्या मोटारी यांनाही तोच पन्नास फुटांचा नियम लावावा.

शेगडी कशी असावी?

दोनशे लिटरचे लोखंडी पिंप उभे चिरून गावातील फॅब्रिकेशनवाल्याकडून शेगडी करून घेण्याची पद्धत सर्रास आहे. यात दोन गोष्टी काटेकोरपणे पाहाव्यात. पहिली म्हणजे पिंपात पूर्वी काय होते. कीटकनाशक, तणनाशक, रंग, रसायन किंवा इंधन यांचे पिंप कितीही धुतले तरी अन्नासाठी वापरू नये. शिवाय अशा रिकाम्या पिंपात राहिलेली वाफ गॅसकटरच्या ज्योतीने पेटून पिंप फुटू शकते. रिकामे पिंप भरलेल्या पिंपापेक्षा निरुपद्रवी वाटते, प्रत्यक्षात कापणाऱ्यासाठी तेच अधिक धोक्याचे असते. दुसरी गोष्ट म्हणजे पत्र्यावर जस्ताचा मुलामा नसावा. तो फार तापला म्हणजे निघणारा धूर आरोग्यास घातक असतो. जाळीसाठीही जस्त चढवलेली तार न घेता स्टेनलेस स्टीलची किंवा साध्या लोखंडाची सळई वापरावी. पिंपाला आतून-बाहेरून रंग असल्यास पहिल्या वापरापूर्वी मोकळ्या जागी मोठा जाळ करून तो पूर्ण जाळून टाकावा व घासून काढावा.

कोळसा व जाळी यांत १५ ते २० सेंटिमीटर, म्हणजे वीतभर अंतर असावे. जाळी वर-खाली करता येईल अशा दोन-तीन खाचा ठेवल्यास फार उपयोग होतो. खालच्या अंगाला हवेची भोके असावीत व ती पत्र्याच्या सरकत्या पट्टीने बंद करता यावीत. सर्वात महत्त्वाचे म्हणजे शेगडीला बसते झाकण असावे. झाकणाच्या बाबतीत पैसे वाचवू नयेत. भडका उठल्यावर आपल्या हातात हवा तोडण्याइतका खात्रीचा दुसरा उपाय नसतो.

कोळसा आणि लाकूड

बाभूळ, वेडी बाभूळ, चिंच यांचा कोळसा चांगला टिकतो. कोकणात करवंटीचा कोळसा मिळतो, तो कडक धग देतो आणि राख कमी करतो, पण म्हणूनच तो जरा कमीच भरावा. कोळशाचे दोन तुकडे एकमेकांवर आपटले असता खणखणीत आवाज आला तर कोळसा पक्का समजावा. अर्धकच्चा किंवा ओला कोळसा तडतडतो, ठिणग्या उडवतो आणि पिवळी ज्योत देतो. दगडी कोळसा अन्न भाजण्यास वापरू नये.

स्वतःच्या बांधावरील वेडी बाभूळ तोडून जे शेतकरी घरी कोळसा पाडतात त्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. भट्टीतून काढलेला ताजा कोळसा हवेशी संयोग होऊन आपोआप तापतो आणि कधी पोत्यातच पेटतो. तो किमान एक पूर्ण दिवस-रात्र उघड्यावर पसरून ठेवावा, हात घालून थंड असल्याची खात्री करावी व मगच पोत्यात भरावा. ताज्या कोळशाची पोती त्याच संध्याकाळी गोठ्याशेजारच्या खोलीत थप्पी लावून ठेवणे म्हणजे आगीला निमंत्रण आहे.

धुरासाठी आंबा, पेरू, चिंच, बाभूळ यांची वाळलेली, सालपटे काढलेली ढलपी वापरावीत. कण्हेरीचे लाकूड विषारी आहे, ते धुरासाठी तर नाहीच, मांस ओवण्याच्या काडीसाठीसुद्धा वापरू नये. रंग दिलेले लाकूड, प्लायवूड, जुन्या खिडक्या-दारांचे तुकडे वर्ज्य समजावेत. फळांच्या पेट्यांचे चिडाचे लाकूड राळेमुळे भडकते व काजळी धरते. कोकणातील बागायतदारांनी काजूच्या टरफलांबाबत विशेष सावध राहावे. टरफलात वजनाच्या पाव हिश्श्याच्या आसपास तेल असते. ते एकदम पेटते आणि त्याचा धूर डोळ्यांना व कातडीला झोंबतो. बंबासाठी टरफले कोणी वापरत असतील, परंतु अन्नाच्या शेगडीत ती एक मूठही टाकू नयेत.

पेटवताना

विस्तव पेटवताना होणारे बरेच अपघात ज्वालाग्राही द्रवामुळे होतात. पेट्रोलची वाफ आपल्याकडील कोणत्याही ऋतूत ठिणगीने पेटते. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते व काडी ओढताच पायाखालून आग उठते. रॉकेल आता पूर्वीसारखे सहज मिळत नाही, तरी घरात शिल्लक असते. थंड कोळशावर ते जरा सावकाश पेटते म्हणून लोकांना त्याचा भरवसा वाटतो. पण कोळसा एका बाजूने धरला आहे, नीट फुलत नाही, म्हणून वरून पुन्हा रॉकेल ओतले तर तापलेल्या कोळशावर त्याची पांढरी वाफ होते. ती वाफ एकदम पेटते आणि ज्योत धारेबरोबर हातातल्या डब्यापर्यंत येते. शेगडी एकदा धरली की तिच्यावर कोणताही द्रव ओतायचा नाही, हा नियम गड्यांना व घरातील मुलांना पक्का सांगून ठेवावा.

याहून सोपी व स्वस्त रीत अशी : एक जुना पत्र्याचा डबा घ्यावा, दोन्ही तोंडे काढून टाकावीत, खालच्या कडेला बोटभर रुंदीची आठ-दहा भोके पाडावीत व धरण्यास लाकडी मुठीचा दांडा लावावा. खाली कागद, करवंटी किंवा तुरीच्या काड्या, वर कोळसा भरून पेटवावे. डबा धुराड्यासारखे काम करतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत कोळसा फुलतो. मग डबा उचलून कोळसा शेगडीत पसरावा. कोळशावर राखेचा पांढुरका थर चढल्याखेरीज मांस ठेवू नये. पाहुण्यांना भूक लागली म्हणून काळ्या, ज्योत निघणाऱ्या कोळशावर जाळी ठेवली जाते आणि तेथूनच भडक्याला सुरुवात होते. पाहुण्यांना तोवर कोवळा हुरडा द्यावा.

भाजण्याची रीत

कोळसा शेगडीभर सारखा पसरू नये. दोन तृतीयांश भागात कोळसा ठेवून एक तृतीयांश भाग रिकामा ठेवावा. या एका गोष्टीने निम्मे काम होते. रिकाम्या भागाखाली एक पसरट पत्र्याचे ताट ठेवले तर चरबी त्यात पडते. कातडीसह कोंबडी, तंगड्या आणि चरबीचे तुकडे प्रथम या रिकाम्या भागावर ठेवून झाकण लावावे, म्हणजे ते बाजूच्या धगीने शिजतात व बरीचशी चरबी निखाऱ्यावर न पडता ताटात उतरते. शेवटची चार-पाच मिनिटे ते निखाऱ्यावर घेऊन रंग आणावा. भडका उठलाच तर माल सरकवायला रिकामी जागा तयार असते, हा आणखी एक फायदा. कोंबडीचे मांस आतपर्यंत शिजले की नाही हे रंगावरून ठरवू नये. गाभ्याचे तापमान ७५ अंश सेल्सिअस झाले पाहिजे. त्यासाठी सुईचा तापमापक मिळतो, तो घेऊन ठेवावा.

मसाला लावताना तेल कमी घालावे, दही, लिंबू, आले-लसूण वाढवावे. जाळीवर ठेवण्यापूर्वी तुकडे निथळून घ्यावेत. सुटी लोंबणारी चरबी सुरीने काढून टाकावी. भाजता-भाजता वरून तेल किंवा लोणी ओतण्याची पद्धत ढाब्यांवर दिसते, कारण त्याने ज्योत उठते व पाहणाऱ्यास मौज वाटते. आपल्या अंगणात हा खेळ नको. लोणी लावायचेच असेल तर पदार्थ जाळीवरून काढून ताटात घेऊन लावावे. पनीर, वांगी, मका यांचे तसे भय नाही, पण पनीरला तेल चोपडून लावले असेल तर तेही मांसासारखेच वागते.

जाळी एकाच वेळी गच्च भरू नये. वीस किलो माल एका फेरीत उरकण्याच्या घाईत सगळ्या तुकड्यांची चरबी एकाच वेळी सुटते आणि सरकवायला जागा राहत नाही. गर्दीच्या दिवशी दोन लहान शेगड्या बऱ्या. प्रत्येक वापरानंतर जाळी व ताट घासावे. मागच्या रविवारची साचलेली चरबी या रविवारी पेटते, आणि ती पेटली म्हणजे वरचा माल काढूनही आग थांबत नाही.

भडक्याच्या धुराचा आणखी एक दोष आहे. निखाऱ्यावर जळलेल्या चरबीच्या धुरात बेंझोपायरीन वर्गातील घातक द्रव्ये असतात व ती मांसावर बसतात. करपलेला काळा भाग चविष्ट म्हणून खाऊ घालण्यापेक्षा काढून टाकावा.

भडका उठलाच तर

प्रथम स्वतः मागे सरावे, मग लांब चिमट्याने माल रिकाम्या भागावर सरकवावा किंवा जाळीच उचलून बाजूला ठेवावी. जळण पडणे थांबले की लहान भडका अर्ध्या मिनिटात बसतो. बसला नाही तर झाकण लावून खालची भोके बंद करावीत व थांबावे. झाकण नसल्यास कोरडी राख, माती किंवा वाळू फावड्याने टाकावी. माल वाया जाईल याचा विचार करू नये. शेगडीजवळ कोरड्या वाळूच्या दोन बादल्या व एक फावडे पहिल्यापासून ठेवलेले असावे. भडका उठल्यावर वाळू शोधत हिंडण्यात अर्थ नाही.

पाणी मारू नये. पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान सुमारे १,७०० पट वाढते. ताटात साचलेल्या पेटत्या चरबीवर पाणी पडले तर ते जड असल्याने तळाशी जाते, क्षणात वाफ होते आणि पेटती चरबी चहूकडे उडवते. निखाऱ्यावर मारले तरी गरम राख व वाफ तोंडावर येते. पाणी भरपूर ठेवावे, पण ते भोवतालचे गवत भिजवण्यासाठी आणि भाजलेल्या माणसासाठी. कणीक किंवा बेसन टाकून आग विझवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये, उडालेले पीठ स्वतःच भडकते. सुपाने किंवा पंख्याने वारा घालणे तर उघडच चुकीचे आहे.

केंद्रावर चार-पाच किलोचे एबीसी प्रकारचे कोरड्या पावडरचे अग्निशामक असावे. ते शेगडीला टेकवून न ठेवता येण्याजोग्या वाटेवर टांगावे. त्यावरील काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे हंगामापूर्वी पाहावे आणि पिन ओढून कसे वापरायचे हे घरातील दोघा-तिघांना आधीच दाखवून ठेवावे. आग मांडवाला किंवा गंजीला लागली तर प्रथम माणसे व जनावरे बाहेर काढावीत आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. गोठ्यातील जनावरे पेंडखुंटीला न बांधता झटक्यात सुटेल अशा गाठीने बांधलेली असली तर अशा वेळी त्याचे महत्त्व कळते.

धुरीपेटीचे तंत्र

धुरीपेटीत काम उलट असते. येथे जाळ नको, मंद धग व धूर हवा. उभ्या पिंपात तळाशी कोळशाची टोपली, त्यावर दोन-तीन ढलपी, मध्ये पाण्याचे ताट, वर जाळी किंवा आकडे आणि शेवटी धुराडे असलेले झाकण अशी रचना असते. आतील तापमान १०० ते १२० अंश ठेवून कोंबडीला दोन-तीन तास लागतात.

मधले पाण्याचे ताट शोभेसाठी नसते. उघड्या भांड्यातील पाणी १०० अंशांच्या वर तापत नाही, त्यामुळे त्यात पडलेली चरबी पेटण्याच्या तापमानापर्यंत पोचतच नाही. पाणी आटून गेले की हा आधार संपतो. ताटात निव्वळ चरबी उरते, ती तापत जाते, धुरकटते आणि पेट घेते. म्हणून दर पाऊण-एक तासाने ताट पाहावे व ते निम्म्यावर येताच कढत पाणी घालावे. ताट कोरडे पडून चरबी धुमसू लागली असेल तर मात्र त्यात पाणी घालू नये. भोके बंद करून सगळे थंड होऊ द्यावे.

दुसरा धोका झाकणाचा. पेटीत हवा कमी असल्याने लाकडाचा धूर आणि चरबीची वाफ न जळता कोंडून राहते. झाकण एकदम उघडले की ताजी हवा आत शिरते आणि हे सगळे एका झटक्यात पेटते. उघडणारा नेमका वरून वाकून पाहत असतो, त्यामुळे चेहरा, भुवया, डोळे सापडतात. झाकण उघडताना बाजूला उभे राहावे, तोंड वळवून ते बोटभर उचलावे, पाच-सात सेकंद थांबावे आणि मग पूर्ण काढावे. झाकणाच्या फटीतून धुराऐवजी ज्योत दिसली, किंवा धूर एकाएकी दाट पिवळसर झाला, तर उघडूच नये. खालची-वरची सर्व भोके बंद करून अर्धा तास तरी जाऊ द्यावा.

पेटीच्या आत व धुराड्यात काळे चिकट डांबर धरते. ते ओले लाकूड व फार कोंडलेली हवा यांमुळे वाढते. दर चार-पाच वापरांनंतर खरवडून काढावे, नाहीतर एखाद्या दिवशी धुराडेच पेटते. चांगला धूर पातळ व निळसर असतो. पांढरा दाट धूर म्हणजे लाकूड ओले आहे किंवा हवा अपुरी आहे असे समजावे.

शेगडी खोलीत नेऊ नये

थंडीच्या रात्री मुक्कामी पाहुणे जेवणानंतर उरलेले निखारे घमेल्यात घालून तंबूत किंवा खोलीत नेण्यास मागतात. ज्योत नाही, धूर नाही, म्हणून आपल्यालाही त्यात काही वावगे वाटत नाही. परंतु निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साईड हा वायू निघत असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे ही त्याची लक्षणे आहेत, आणि झोपलेल्या माणसाला ती कळतही नाहीत. बंद तंबूत तो सकाळी उठत नाही. भडका निदान डोळ्यांना दिसतो, हा वायू दिसत नाही, म्हणून याबाबतीत पाहुण्याची भीड धरू नये. सरळ नकार देऊन जास्तीची घोंगडी द्यावी. कोंबड्यांच्या पिलांना ऊब देण्यासाठी शेडमध्ये कोळशाची शेगडी ठेवणाऱ्यांनीही पडदे पूर्ण बंद न करता वरून हवा खेळती ठेवावी आणि राखणदाराने त्या शेडमध्ये झोपू नये.

भाजल्यास काय करावे?

शेगडीवर काम करणाऱ्याने सुती, अंगाबरोबरचे कपडे घालावेत. नायलॉनची साडी, लोंबती ओढणी, सैल बाह्या नकोत. चिमटा हातभर लांब असावा. कपड्याने पेट घेतला तर पळू नये, जमिनीवर लोळावे. जवळ लोकरीची घोंगडी असेल तर ती गुंडाळावी. लोकर सहजासहजी पेट घेत नाही, या कामी आपल्या घोंगडीसारखी दुसरी वस्तू नाही.

भाजलेला भाग लगेच वाहत्या गार पाण्याखाली पूर्ण वीस मिनिटे धरावा. घड्याळ लावून वीस मिनिटे धरावा, कारण दोन मिनिटांत आग शमल्यासारखी वाटते आणि लोक हात काढून घेतात. बांगड्या, अंगठी, घड्याळ सूज येण्यापूर्वी काढावे. बर्फ, हळद, तूप, शाई, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये. फोड फोडू नयेत, चिकटलेले कापड ओढू नये. स्वच्छ धुतलेले कापड सैलसर झाकून दवाखाना गाठावा. चेहरा, डोळे, हाताचे पंजे भाजले असतील किंवा भाजलेला लहान मूल असेल तर जखम लहान दिसली तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

राखेची विल्हेवाट

काम संपल्यावर झाकण लावून भोके बंद केली की निखारे हवेअभावी विझतात आणि उरलेला कोळसा दुसऱ्या दिवशी उपयोगी पडतो. राख वरून गार दिसली तरी तिच्या पोटात निखारा एक-दोन दिवस जिवंत राहू शकतो. ती त्याच रात्री उकिरड्यावर टाकली आणि पहाटे वारा सुटला की उकिरडा, मग शेजारचा कडबा असे आगीचे मार्गक्रमण होते. राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत, घरापासून दूर, दोन दिवस ठेवावी. प्लास्टिकची बादली किंवा गोणपाट त्यासाठी वापरू नये.

थंड झालेली लाकडी कोळशाची राख कंपोस्ट खड्ड्यात टाकण्यास हरकत नाही, तिच्यात पालाश व चुना असतो. चरबी पडलेली चिकट राख व ताटातील चरबी मात्र वेगळी ठेवून खड्ड्यात पुरावी, नाहीतर कुत्री ती उकरतात. राख विम्लधर्मी असल्याने चोपण जमिनीत टाकू नये, आणि युरियात मिसळून तर मुळीच देऊ नये, कारण त्यामुळे नत्र अमोनिया वायूच्या रूपात उडून जाते.